पंचवीस घोड्यांची किंमत

जून 2022 मधली गोष्ट. रविवारची दुपार. जेवण आटोपून नुकताच आडवा झालो होतो, तोच भाच्याचा फोन आला. "मामा, एक पत्र लिहून दे. गाडीच्या कंपनीला. जरा कडक लिही."

पिंपरीच्या एका कारखान्यात खरेदी विभागात माझी पस्तीस वर्षे गेली. करारातली बारीक अक्षरे वाचणे हा पोटापाण्याचा उद्योग होता, त्यामुळे निवृत्तीनंतर नातेवाइकांची सगळी भांडणपत्रे माझ्याकडे येतात. लिफ्टवाला, वॉशिंग मशीनवाला, फ्लॅटचा ताबा न देणारा बिल्डर, सगळ्यांना मी लिहून झालो आहे. म्हटले, ये घरी. येताना वॉरंटीची पुस्तिका घेऊन ये.

हकीकत अशी होती. भाच्याने 2019 च्या दसऱ्याला डिझेलवर चालणारी हॅचबॅक घेतली. वॉरंटी तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर. जूनमध्ये तो आईवडील, बायको आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला निघाला. खंबाटकी घाट चढताना इंजिनातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, मग मागे निळा धूर, आणि दोन वळणांनंतर गाडीतला दमच गेला. मागे उसाच्या मशिनरीचा ट्रेलर हॉर्न वाजवतोय, पुढे चढ, गाडीत लहान मूल. कशीबशी गाडी कडेला घेतली. टर्बोचार्जर गेला होता. ओडोमीटरवर 46 हजार किलोमीटर. शिवाय दोन महिने स्टिअरिंग मधूनच जड होत होते, तीही तक्रार त्याने त्याच जॉबकार्डावर लिहिली. सर्व्हिस सेंटरने चार दिवस गाडी ठेवून घेतली आणि कळवले, "सर, तुमच्या गाडीची वॉरंटी व्हॉइड झाली आहे. दोन्ही कामं पेड होतील."

"का?" मी विचारले.

भाचा जरा घुटमळला. "इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर कंपनीचं नाही म्हणतात."

"मग कोणाचं आहे?"

त्यावर जे बाहेर आले ते असे. आदल्या डिसेंबरात त्याने एका गॅरेजात 28 हजार रुपये देऊन गाडीचे 'रीमॅप' करून घेतले होते. 90 हॉर्सपॉवरची गाडी 115 ची झाली. घाटात गाडी बंद पडल्यावर त्याने ती सर्व्हिस सेंटरला न नेता टो करून आधी त्याच गॅरेजात नेली, मूळ 'फाईल' परत टाकून घेतली आणि मग कंपनीच्या दारात उभी केली. आता मी पत्रात लिहायचे होते, की गाडीला आम्ही कधी हातही लावलेला नाही.

पत्राचे काय झाले ते पुढे येईलच. त्याआधी हा रीमॅप प्रकार काय आहे, ते मला समजून घ्यावे लागले, ते सांगतो.

आमच्या पिढीने गाडीचे 'ट्यूनिंग' पाहिले ते कार्ब्युरेटरवर. प्रीमिअर पद्मिनीचे बॉनेट उघडून मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हरने एअर आणि पेट्रोल यांचे प्रमाण जुळवायचा, कान देऊन ऐकायचा आणि म्हणायचा, "आता बोलतीय बघा." कुणाला पिकअप हवा असेल तर जेट मोठा, कुणाला अ‍ॅव्हरेज हवे असेल तर बारीक. वॉरंटी या शब्दाशी त्याचा फारसा संबंध नव्हता.

ते कान देऊन ऐकण्याचे काम पुढे कॉम्प्युटरने घेतले. बॉश कंपनीची 'मोट्रॉनिक' ही पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही एकत्र सांभाळणारी यंत्रणा 1979 मध्ये बीएमडब्ल्यूच्या गाडीत आली. आपल्याकडे विसावे शतक संपता संपता प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि कार्ब्युरेटर निघून गेला. आता इंजिनाजवळ एक डबी असते. तिला ईसीयू म्हणतात. त्या डबीत तक्ते असतात, अगदी पाढ्यांसारखे. इतके आरपीएम, पाय इतका दाबलेला, हवा इतकी गरम, तर इंधन इतके मिलिग्रॅम, अमुक क्षणी, टर्बोचा दाब तमुक. या तक्त्यांना 'मॅप' म्हणतात. ते वाचून काढायचे, आकडे वाढवायचे आणि परत डबीत भरायचे, म्हणजे रीमॅप. टर्बो असलेल्या डिझेल गाडीत नुसते आकडे बदलून पाव हिश्शाने ताकद वाढते. बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीत फारसे काही हाती लागत नाही.

दुसरा प्रकार 'ट्यूनिंग बॉक्स'चा. तो जरा लबाड आहे. डिझेलच्या कॉमन रेलमध्ये दाब किती आहे हे सांगणारा सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये तो बसतो आणि खरा दाब कमी करून सांगतो. बिचारी ईसीयू समजते दाब कमी आहे, आणि वाढवते. घरातल्या मोठ्यांना खोटे सांगून जास्त पॉकेटमनी घेण्यातलाच प्रकार.

मग भाच्याचा प्रश्न होता, आणि तो वाजवीच होता: ही ताकद इंजिनात होतीच, तर कंपनीने आम्हाला का दिली नाही? यात थोडा धंदा आहे हे खरे. पण सगळा धंदा नाही. फिएटचे 1,248 सीसीचे मल्टिजेट डिझेल इंजिन आठवा. आपल्याकडे स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टा आणि पुंटोपर्यंत इतक्या गाड्यांत ते बसले, की मोटारविषयक नियतकालिके त्याला गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणू लागली. तेच इंजिन कुठे 75 हॉर्सपॉवरचे, कुठे 90 चे. गॅरेजवाले सांगत, बघा, फरक सॉफ्टवेअरचाच. प्रत्यक्षात 90 वाल्याचा टर्बोच वेगळ्या बनावटीचा होता, ज्याच्या पाती वेगानुसार कोन बदलतात.

कंपनी जी ताकद राखून ठेवते ती कशासाठी? तीच गाडी राजस्थानात मे महिन्यात चालायची असते आणि लडाखमध्ये खारदुंग ला चढायची असते. उंचावर हवा विरळ, तेवढाच दाब द्यायला टर्बोला जास्त वेगाने फिरावे लागते. लहान टर्बो असाही मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो, आणि तो तरंगतो कशावर, तर ऑइलच्या पातळ थरावर. शिवाय एखाद्या पंपावरचे डिझेल भेसळीचे, एखादा मालक ऑइल बदलायला चार हजार किलोमीटर उशीर करणारा. कारखान्यातून निघालेल्या लाखभर इंजिनांतले सर्वांत अशक्त इंजिन आणि सर्वांत बेफिकीर मालक यांची गाठ पडली तरी वॉरंटीच्या मुदतीत ते टिकावे, असा तो हिशेब असतो. क्लच, फ्लायव्हील आणि गिअरबॉक्स यांचीही टॉर्क पेलण्याची हद्द ठरलेली असते. रीमॅप करणारा ती शिल्लक खर्चून टाकतो. रोज सपाट रस्त्यावर एकट्याने ऑफिसला जाणाऱ्याला ते जाणवणारही नाही. पाच माणसे, एसी, सामान आणि उन्हातला घाट एकत्र आले की जाणवते. शिवाय टर्बोचे सील जाऊन निळा धूर येतो, तेव्हा इंजिन आपलेच ऑइल इंधन म्हणून जाळू लागलेले असते. डिझेल इंजिन अशा वेळी चावी बंद केली तरी थांबत नाही, असे प्रसंग घडतात. खंबाटकीत ते थांबले, हे अंबाबाईचे देणे म्हणायचे.

आता मूळ फाईल परत टाकूनही कंपनीला कळले कसे? भाच्याला याचेच जास्त दुःख होते. गॅरेजवाल्याने छातीठोकपणे सांगितले होते, सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी या, जुनी फाईल टाकून देतो, कुणाच्या बापाला कळणार नाही. पण बऱ्याच गाड्यांच्या ईसीयूमध्ये आपण किती वेळा लिहिले गेलो याची मोजणी असते. कंपनीच्या नोंदीप्रमाणे ती डबी एकदाच, कारखान्यात लिहिली गेली असेल आणि डबी सांगत असेल की मला तीनदा लिहिले, तर उरलेले दोन हात कोणाचे हा प्रश्न उभा राहतो. म्हणजे मूळ फाईल परत टाकण्याने पुरावा पुसला जात नाही, उलट एक नोंद वाढते. बँकेतून काढलेले पैसे परत भरले म्हणून पासबुकातली काढल्याची ओळ जात नाही. बिघाड झाला त्या क्षणी आरपीएम काय होते, टर्बोचा दाब किती होता, याचे टिपणही फॉल्टच्या कोडबरोबर राहते. ते पाहून सर्व्हिस सेंटरवाला विचारतो, साहेब, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा येऊच शकत नाही, तुमच्याकडे आला कुठून? काही ट्यूनर सांगतात की आम्ही मोजणीही फिरवतो. फिरवत असतील. पण जळालेला क्लच आणि वितळलेला पिस्टन कुणाला फिरवता येत नाही.

भाच्याने आणलेली पुस्तिका मी चष्मा लावून दोनदा वाचली. इंजिनात, त्याच्या नियंत्रण यंत्रणेत अनधिकृत बदल केल्यास त्यामुळे झालेल्या बिघाडाला वॉरंटी लागू नाही, असे कलम होते. आता यात महत्त्वाचा शब्द 'अनधिकृत' नव्हे. महत्त्वाचा शब्द 'त्यामुळे'. माझी पस्तीस वर्षे अशाच शब्दांवर गेली.

अमेरिकेत हा 'त्यामुळे' कायद्यानेच पक्का केलेला आहे. तिथे 1975 मध्ये मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा झाला. आमचाच सुटा भाग वापरला नाही तर वॉरंटी रद्द, अशी अट कंपनीला सहसा घालता येत नाही. बाहेरच्या भागामुळे किंवा बदलामुळे बिघाड झाला, असे म्हणायचे असेल तर ते कंपनीने दाखवून द्यायचे. मात्र हा कायदा म्हणजे ट्यूनिंगला मोकळे रान, असा जो समज तिथल्या हौशी मंडळींत आहे, तो खरा नाही. फोक्सवागन-ऑडीच्या अमेरिकेतल्या डीलरांना ईसीयूत परके सॉफ्टवेअर आढळले की गाडीच्या नंबराला 'टीडी1' असा शेरा लागतो, आणि मग इंजिन-गिअरबॉक्सचा कोणताही दावा आला की तो शेरा आडवा येतो. कायदा मालकाच्या बाजूने असला तरी तो वापरायला वकील लागतो, आणि वकिलाची फी टर्बोपेक्षा जास्त असते. हे इथेही तसेच.

आपल्याकडे असा वेगळा वॉरंटी कायदा नाही. पण एक निकाल मला आठवत होता. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींहून अधिक दंड ठोठावला. मुख्य तक्रार होती ती सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना न मिळू देण्याची. त्या आदेशात आयोगाने म्हटले, की ग्राहकाने बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट घालता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. पुढे अपिले झाली. अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर 2016 मध्ये तीन कंपन्यांच्या बाबतीत मूळ निष्कर्ष कायम ठेवला, दंडाचा हिशेब मात्र सुट्या भागांच्या उलाढालीपुरता केला. हा निकाल दुरुस्तीबद्दलचा आहे, रीमॅपबद्दलचा नव्हे, हे कबूल. पण 'तेवढ्यापुरतीच' हे तत्त्व वाद घालायला उपयोगी आहे.

दुसऱ्या बाजूला मालकाच्या विरोधात जाणारेही बरेच आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची भरपाई मागण्याचे प्रकरण आहे, पण वस्तूत बदल केलेला असेल तर विक्रेत्यावर तसा दावा चालत नाही असे त्यातच लिहिले आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 सांगते की नोंदणीतला तपशील आणि उत्पादकाचा मूळ तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करू नये, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात ते कडकपणे लावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आली. ईसीयूतले आकडे त्यात बसतात की नाही यावर वकील भांडू शकतील. परंतु गाडीला प्रदूषणाचे जे प्रमाणपत्र मिळते, आपल्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत चाचणी होऊन, ते इंजिन आणि त्यातले सॉफ्टवेअर मिळून मिळालेले असते. सॉफ्टवेअर बदलले की ते प्रमाणपत्र तुमच्या गाडीचे राहिले, असे कोण म्हणेल? (सॉफ्टवेअरमधली लबाडी किती दूर जाऊ शकते हे 2015 मध्ये फोक्सवागननेच जगाला दाखवले, सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत. म्हणजे उपदेश करणाऱ्यांचे हातही स्वच्छ नाहीत, हे भाच्याने मला ऐकवले. त्याचे चुकले नाही.) आणि विमा कंपनी. बदल कळवलेला नसेल तर अपघातानंतर ती काय भूमिका घेईल, हा विचार चार वर्षांच्या मुलीला मागे बसवणाऱ्याने आधी करायला हवा होता, हे मी त्याला ऐकवले.

घरोघरी होणारा बदल रीमॅपचा नसतो, सीएनजी किटचा असतो. त्यात आरटीओची मान्यता घेऊन आरसीवर नोंद करता येते, म्हणून लोकांना वाटते की वॉरंटीचाही प्रश्न मिटला. तसे नाही. आरटीओ परवानगी देते ती रस्त्यावर चालवायची. कंपनीने बसवलेला सीएनजी आणि बाहेर बसवलेला सीएनजी यांत वॉरंटीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. बाहेर बसवताना इंजिनाच्या वायरिंगला काप दिले जातात, आणि पुढे व्हॉल्व्ह किंवा इग्निशन कॉइल गेली की बोट तिकडेच दाखवले जाते. किट घेताना विक्रेत्याकडून बिल, त्याची स्वतःची हमी आणि किटच्या मान्यतेचा कागद, हे मागून घ्यावे. एक्सटेंडेड वॉरंटी असेल तर ती वेगळीच वाचावी, कारण तिचा करार वेगळा असतो आणि अटी अनेकदा जास्त कडक.

परदेशात यावर एक बरा तोडगा निघाला आहे. व्होल्वो 'पोलस्टार'च्या नावाने स्वतःच ताकद वाढवणारे सॉफ्टवेअर देत असे आणि मूळ वॉरंटी शाबूत ठेवत असे. इंग्लंडमध्ये फोर्डच्या फिएस्टा एसटीसाठी माऊंट्यून या संस्थेचे किट डीलरकडूनच बसवून मिळे, वॉरंटीसह. अमेरिकेत बीएमडब्ल्यूचे ट्यूनिंग करणारी डायनन कंपनी मूळ वॉरंटीच्या जोडीची आपली वॉरंटी देऊ लागली. म्हणजे घोडे वाढवणारा माणूस टर्बोचीही जबाबदारी घेतो. भाच्याच्या गॅरेजवाल्याला मी हेच फोनवर विचारले. तो म्हणाला, "काका, फाईलची लाइफटाइम गॅरंटी आहे. टर्बो तर कंपनीचा पार्ट ना."

आता पत्र. मी भाच्याला सांगितले, हात लावलेला नाही असे मी लिहिणार नाही. एकतर ते खोटे आहे, आणि दुसरे, त्यांच्याकडे मोजणीचा कागद आहे. खोटे सापडले की उद्या खरेही कोणी ऐकत नाही, आणि आपल्याकडे एक खरी तक्रार आहे. स्टिअरिंगची.

त्याला हे पटले नाही. "मामा, तू कंपनीच्या बाजूने आहेस," असे म्हणून तो पुस्तिका इथेच टाकून गेला. पंधरा दिवस फोन नाही. ताईने मला विचारले, काय झाले रे तुमचे, तर मी म्हटले, काही नाही, घोड्यांवरून वाद आहे.

तिसऱ्या आठवड्यात तो आला आणि आम्ही पत्र लिहिले. पहिल्याच वाक्यात डिसेंबरमधल्या बदलाची कबुली. मग दोन मागण्या, वेगवेगळ्या. टर्बो कोणत्या कारणाने गेला, हे तपासणीच्या अहवालासह लेखी कळवा. आणि स्टिअरिंगच्या इलेक्ट्रिक मोटारीचा, जिला स्वतःची वेगळी नियंत्रक डबी आहे, इंजिनातल्या इंधनाच्या आकड्यांशी काय संबंध, तेही लेखी कळवा. संबंध नसेल तर ते काम वॉरंटीत करून द्या, कारण तुमच्याच पुस्तिकेत 'त्यामुळे' असा शब्द आहे. स्पर्धा आयोगाच्या आदेशाचा उल्लेख केला. जिल्हा ग्राहक आयोगाचे नाव शेवटी, धमकी वाटणार नाही इतक्या हळू आवाजात घेतले. प्रत सर्व्हिस सेंटरला, प्रत कंपनीच्या मुख्यालयातल्या ग्राहक विभागाला, दोन्ही रजिस्टर पोस्टाने. ई-मेल केलाच, पण पोचपावतीवरचा माझा विश्वास अजून गेलेला नाही.

अठरा दिवसांनी उत्तर आले. टर्बोचा अहवाल दोन पानी होता आणि, मला मान्य करावे लागले, चोख होता. बेअरिंगवर अतिवेगाच्या खुणा, जळून साचलेल्या ऑइलचा थर, फॉल्टच्या नोंदीतला दाबाचा आकडा आणि कंपनीच्या मर्यादेचा आकडा शेजारी शेजारी. त्यावर भांडण्यासारखे काही उरले नव्हते. 78 हजार रुपये भाच्याने भरले. रीमॅपचे 28 धरले तर पंचवीस घोडे, सहा महिने, 1 लाख 6 हजार. स्टिअरिंगची मोटार त्यांनी वॉरंटीत बदलून दिली. पत्रात फक्त 'सदिच्छा म्हणून' असे लिहिले होते. मी भाच्याला म्हटले, लिहू दे, मोटार मिळाली ना.

गाडी अजून त्याच्याकडेच आहे, मूळच्या फाईलवर. मधे आम्ही सगळे तिच्यातूनच साताऱ्याला गेलो. खंबाटकीत तो निमूटपणे तिसऱ्या गिअरमध्ये एका ट्रकमागे चालला होता आणि मी आरशातून त्याच्याकडे पाहणे टाळत होतो. मागच्या सीटवर ताई माझ्या बायकोला सांगत होती, की पूर्वी या घाटात काय गचके बसायचे, मान मागे जायची. आता रस्ता बराच सुधारलेला दिसतो.